खानेसुमारी व धानशेतीचे हात

देशाची खानेसुमारी सन २०२१ सालीं व्हावयाची होती. ती प्रथम कोरोनाच्या साथीमुळें व पुढें मुदतीवर मुदत मिळून लांबली. केंद्र सरकारनें १६ जून २०२५ रोजीं काढलेल्या अधिसूचनेनें १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरविला. म्हणजे २०११ नंतर सोळा वर्षांनीं आपल्या भंडारा जिल्ह्यांतील माणसें मोजलीं जावयाचीं आहेत. ह्या मोजणींत जातींची नोंद व्हावयाची असल्यामुळें तिच्याविषयीं बोलणें पुष्कळ होतें. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें तिच्यांत दुसराच एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे, व त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

लोकसंख्येचा अभ्यास व लोकसंख्येविषयींचें सरकारी धोरण हीं दोन्ही बहुतेक काळ एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत आलीं. तो प्रश्न म्हणजे, मुलें किती जन्मतात? आमचें मत असें कीं, भंडारा जिल्ह्यापुरतें ह्या प्रश्नाचें उत्तर मिळून चुकलें आहे. आतां विचारावयाचें तें निराळेंच. गांवांत मागें उरलें कोण, त्यांचें वय काय, आणि रोवणीच्या दिवसांत बांधींत उतरणारे हात कोणाचे?

आपल्या पणजोबांच्या काळीं शिरगणतीचा अर्थ वेगळा होता. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांतास झोडपून काढलें. सन १९०१ च्या खानेसुमारींत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ६ लक्ष ६३ हजार भरली. दहा वर्षांमागील आंकड्याहून ती शेंकडा ११ नें कमी होती. गोंदियाकडील मुलूख तेव्हां ह्याच जिल्ह्यांत मोडत असे. पुढें १९१८ सालीं एन्फ्लुएंझाची साथ आली, आणि १९११ ते १९२१ ह्या दशकांत सबंध हिंदुस्थानची लोकसंख्याच किंचित् घटली. मरण असें उंबरठ्यावर बसलेलें असतां घरांत सहा-सात मुलें व्हावींत व त्यांपैकीं तीन-चार तरी हातीं लागावींत, हा हिशेब कोणास वेडेपणाचा वाटत नसे.

पुढें रोगराईस आळा बसला. मरणाचें प्रमाण उतरलें, जन्माचें मात्र तसेंच राहिलें, व लोकसंख्या झपाट्यानें वाढूं लागली. तेव्हां अभ्यासकांनीं व सरकारनें आपली दृष्टि जन्मांकडे वळविली हें योग्यच झालें. मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं सन १९२१ सालींच संततिनियमनाचें केंद्र उघडलें होतें. त्याबद्दल त्यांच्या पदरीं निंदाच आली. सन १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला. असा सरकारी कार्यक्रम आंखणारा जगांतील हा पहिला देश होय. पुण्याच्या गोखले संस्थेकडून वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांची पुणें जिल्ह्यांतील जनन-मरणांची पाहणी सन १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. सन १९५६ सालीं मुंबईंत लोकसंख्याशास्त्राचें शिक्षण व संशोधन यांचें केंद्र निघालें. तीच आजची देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. ह्या कामास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या काळीं प्रश्नच तो होता.

परंतु प्रश्न योग्य असला म्हणून त्यावरील प्रत्येक उपाय योग्य ठरत नाहीं. आणीबाणींत, म्हणजे १९७५ ते १९७७ ह्या काळांत, नसबंदीची जी सक्ती झाली तिची आठवण खेड्यांतून अजून बुजलेली नाहीं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर सन १९७६ सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयकच मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं, एवढेंच. त्या सक्तीचा एक परिणाम मात्र टिकून राहिला. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रांत पुरुषांच्या नसबंदीचीं शिबिरें भरत व पुरुष तेथें जात. आणीबाणीनंतर पुरुष ह्या कामांतून जे अंग काढून बसले ते आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं जवळजवळ निम्म्या जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचें प्रमाण शेंकडा एकहि भरलें नाहीं. लहान कुटुंबाचें श्रेय सरकारनें घ्यावें किंवा अन्य कोणीं. त्याची किंमत मात्र आपल्या घरच्या स्त्रियांनीं मोजली आहे.

आतां उत्तर काय मिळालें तें पाहूं. १९९२-९३ च्या पाहणींत महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी २.९ मुलें असें जननप्रमाण होतें. २०१९-२१ च्या पाहणींत तें १.७ वर आलें. एका पिढीची जागा दुसरीनें भरून काढावयाची तर हें प्रमाण २.१ च्या आसपास असावें लागतें. आपल्या जिल्ह्यांत सन २००१ सालीं ११ लक्ष ३६ हजार १४६ माणसें होतीं. सन २०११ सालीं तीं १२ लक्ष ३३४ झालीं. दहा वर्षांतील वाढ शेंकडा ५.६५. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची वाढ शेंकडा १६ च्या घरांत होती. हें मंदावणें कांहीं अंशीं जन्म कमी झाल्याचें, व कांहीं अंशीं माणसें बाहेर गेल्याचें. एकूण वाढीचा आंकडा हीं दोन कारणें निवडून वेगळीं करून दाखवीत नाहीं. आणि धोरण आंखणारास नेमका तोच भेद कळावयास पाहिजे.

कारण शेतांत तो भेद रोज दिसतो. आषाढांत कोणत्याहि गांवच्या धुऱ्यावर उभें राहून पाहावें. चिखलणीला ट्रॅक्टर आहे, परंतु पऱ्हे उपटून रोवणीस लागलेल्या बायांत विशीतिशींतल्या थोड्या व पन्नाशीपलीकडच्या पुष्कळ, असें चित्र आमच्या कित्येक वाचकांनीं स्वतःच्याच बांधींत पाहिलें असेल. साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, कोठेंहि जा. चार एकरांचा धनी सत्तरीस आलेला, मुलगा नागपुरास किंवा पुण्यास, सून त्याच्याबरोबर, व धान कापणीच्या वेळीं आठ दिवसांची रजा काढून येणें, असें घर प्रत्येकाच्या ओळखीचें आहे. जो मुलगा शेतीवर राहिला त्याची दुसरी अडचण. सन २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरास लग्न न जमलेल्या तरुणांनीं नवरदेवाच्या वेषांत मोर्चा काढला, त्या बातमीवर लोक हंसले. परंतु शेतकऱ्याच्या मुलास मुलगी देण्यास बाप कचरतो, हें आपल्याकडेहि घरोघरचें दुखणें आहे.

कोणी विचारील, माणसें कमी झालीं तर वाईट काय? जमीन तरी पुरेल. महाराष्ट्रांत सन १९७०-७१ सालीं सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टर उरली. तेव्हां खाणारीं तोंडें घटलेलीं बरीं नव्हेत काय? आक्षेप सकृद्दर्शनीं खरा वाटतो. परंतु गांवांतून माणूस गेला म्हणजे सातबारावरील त्याचें नांव जात नाहीं. तुकडे वारसांच्या संख्येनें पडतात, राबणाऱ्यांच्या संख्येनें नव्हे. चार भावांपैकीं तिघे शहरांत गेले तरी उताऱ्यावर चौघे राहतात, व मागें राहिलेला चौथा तिघांची जमीन तोंडी बोलीवर ठेक्यानें किंवा बटईनें करतो. त्याच्या हातीं कागद नसतो. त्यामुळें पीककर्ज त्याला नाहीं, विम्याची भरपाई त्याला नाहीं, आणि आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकावयाचें तर तेंहि दुसऱ्याच्या सातबारावर. अशा रीतीनें माणसें घटूनहि जमीन मोकळी होत नाहीं, आणि कसणारा मात्र सरकारच्या हिशेबांतून नाहींसा होतो.

हाच प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या कुमुदिनी दांडेकर यांनीं सन १९५३ सालीं जन्म-मृत्यूंची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांनींच सन १९९६ सालीं भारतांतील वृद्धांविषयीं ग्रंथ लिहिला. एकाच विदुषीच्या आयुष्यांत प्रश्न बदलला, आणि त्यांनीं तो ओळखला. देवनारच्या संस्थेनेंहि सन २०१७-१८ सालीं पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. लोकसंख्येविषयींच्या राष्ट्रीय आयोगाच्या तज्ज्ञगटाचा अंदाज असा कीं, साठ वर्षांवरील माणसांचें देशांतील प्रमाण सन २०११ सालीं शेंकडा ८.४ होतें, तें सन २०३६ पर्यंत शेंकडा १४.९ होईल. ज्या भागांतून तरुण बाहेर जातात तेथें हें प्रमाण अधिकच चढणार, हें उघड आहे. अभ्यासक असे पुढें गेले. धोरण मात्र अद्याप डोकींच मोजीत बसलें आहे.

उदाहरणार्थ, सपाटीच्या मुलुखांत ५ हजार वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र व ३० हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असें मान आहे. ह्या मानांत वस्तीचें वय कोठेंच येत नाहीं. ज्या गांवांत लेकुरवाळ्या अधिक, त्यास लस व प्रसूतीची सोय हवी. ज्या गांवांत गुडघे धरून बसलेले म्हातारे अधिक, त्यास रक्तदाब, साखर व मोतीबिंदू यांची सोय हवी. दोघांस एकच माप लावलें तर दुसऱ्या गांवचा म्हातारा एस. टी. ची वाट पाहत भंडाऱ्याच्या रस्त्यावर उभा राहतो. निवृत्तिवेतनाचेंहि तसेंच. सन २०१९ सालीं लहान शेतकऱ्यांकरितां मानधन योजना निघाली. साठीनंतर दरमहा ३ हजार रुपये मिळावयाचे. परंतु तींत प्रवेश १८ ते ४० वर्षांच्या शेतकऱ्यासच आहे. म्हणजे योजना निघाली तेव्हां जो एकेचाळीस वर्षांचा होता तो कायमचा बाहेर राहिला. आज बांधावर उभा असलेला म्हातारा शेतकरी तो हाच.

आणि एका कायद्यांत तर जुना प्रश्न अद्याप ठाण मांडून बसला आहे. महाराष्ट्रांत १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरें मूल झालेल्यास ग्रामपंचायतीचा सभासद होतां येत नाहीं, व २००५ च्या नियमांनीं सरकारी नोकरीसहि तशीच अट लागली. मध्यप्रदेशानें ही पंचायतींची अट २००५ सालीं व हरियाणानें २००६ सालीं काढून टाकली. आंध्रप्रदेशानेंहि २०२४ सालीं ती रद्द केली. निर्मला बुच यांनीं पांच राज्यांत केलेल्या पाहणींत ह्या अटीपायीं बायकांस टाकून दिल्याचीं, गर्भ पाडविल्याचीं व मूल दुसऱ्यास देऊन टाकल्याचीं उदाहरणें आढळलीं. जननप्रमाण १.७ वर आलेल्या राज्यांत ही अट ठेवून साधावयाचें तरी काय? निवडणुकीच्या वेळीं प्रतिस्पर्ध्यावर हरकत घेण्याचें एक हत्यार, यापलीकडे तिचा उपयोग आम्हांस दिसत नाहीं.

मात्र तराजूचें पारडें एकदम दुसऱ्या बाजूस झुकवूं नये. अलीकडे देशांतील कांहीं पुढारी अधिक मुलें होऊं द्या असा उपदेश करूं लागले आहेत. आम्हांस हाहि उपदेश तितकाच अप्रस्तुत वाटतो. काल कमी मुलांची सक्ती, आज अधिक मुलांचा आग्रह. दोहोंतहि घरच्या स्त्रीस विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. मूल किती हें नवराबायकोंनीं, व त्यांतहि जिला तें पोटांत वाहावयाचें आहे तिनें, ठरवावें. सरकारचें काम एवढेंच कीं, जन्मलेलें मूल शिकावें, राबणाऱ्यास दाम मिळावा, व म्हाताऱ्यास औषध मिळावें. शिवाय आज जन्मलेलें मूल रोवणीस उतरेपर्यंत वीस वर्षें जातील. तोंवर बांधी कोणीं करावयाची?

तेव्हां करावयाचें काय, ह्याविषयीं आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, पंचायतींसाठीं असलेली दोन मुलांची अट राज्य सरकारनें काढून टाकावी. दुसरी, उपकेंद्रांचें व आरोग्यसेवकांचें मान ठरवितांना वस्तीबरोबर वयहि धरावें. तिसरी, मानधन योजनेंत सन २०१९ सालीं चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांची कांहींतरी सोय व्हावी. चौथी, ठेक्यानें-बटईनें कसणाऱ्याची नोंद मालकाच्या हक्कास धक्का न लावतां व्हावी, म्हणजे मालक भिणार नाहीं व कसणारा उपाशी राहणार नाहीं. पांचवी, रोवणीचीं व कापणीचीं जीं यंत्रें अनुदानावर मिळतात तीं आपल्या लहान लहान बांध्यांत फिरतील अशीं असावींत; दहा एकरांच्या सलग तुकड्यासाठीं केलेलें यंत्र धुऱ्यापाशींच अडतें.

परंतु सगळेंच सरकारावर टाकणें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या भागांत पूर्वीं गांवचा कोतवाल जन्म-मरणाची नोंद ठेवीत असे. तीं कोतवाल पुस्तकें आज जातीच्या दाखल्यासाठीं लोक धुंडाळतात, व शंभर वर्षांपूर्वींच्या एका ओळीवर नातवाचें शिक्षण अवलंबून राहतें, हें सर्वांस ठाऊक आहे. मग आजच्या ग्रामसभेनें वर्षांतून एकदां, मंडईच्या सुमारास बाहेर गेलेलीं माणसें गांवीं येतात तेव्हां, आपली एक वही कां भरूं नये? कोणतें घर बंद आहे, कोणत्या घरीं म्हातारें माणूस एकटें आहे, कोण किती महिने बाहेर असतो, कोणाची जमीन कोण करतो, आणि तलावाची पाळ व पाट दुरुस्त करण्यास अंगमेहनतीचे हात किती मिळतील, एवढें तींत असावें. मालगुजारी तलावांवर ज्यांची शेती आहे त्यांस ही शेवटची बाब किती जिव्हाळ्याची आहे तें सांगावयास नको. खर्च एका वहीचा. परंतु जिल्हा परिषदेपुढें बोलावयास उभें राहतांना ती हातीं असली म्हणजे बोलण्यास वजन येतें. सन २०११ च्या खानेसुमारींतील स्थलांतराचे तपशीलवार तक्ते बाहेर येण्यास सन २०१९ उजाडलें. तोंवर जे गेले ते कायमचे शहरवासी झाले. मध्यंतरीं २०२० च्या टाळेबंदींत मजूर पायीं गांवीं परतूं लागले, तेव्हां कोणत्या गांवचे किती बाहेर आहेत हें पंचायतीसहि तोंडी विचारून काढावें लागलें, असाच बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे.

शेवटीं प्रत्यक्ष खानेसुमारीविषयीं. गणक दारीं येतो तेव्हां तो कामाविषयीं विचारतो, आणि घरचा कर्ता पुरुष सवयीनें सांगून मोकळा होतो कीं, बायको घरींच असते. जिनें महिनाभर चिखलांत वांकून रोवणी केली, निंदण केलें, कापणी केली व वर्षभर गुरें सांभाळलीं, ती एका शब्दानें काम न करणाऱ्यांच्या रकान्यांत जाते. खानेसुमारीच्या रीतीप्रमाणें वर्षांतून सहा महिने वा अधिक काम करणारा मुख्य काम करणारा, व त्याहून कमी करणारा सीमांतिक. परंतु दोघांचीहि नोंद होते. तेव्हां घरच्या स्त्रीचें शेतांतलें व गोठ्यांतलें काम नीट जमेस धरून महिने सांगावेत. मोजणीच्या सबंध मुदतींत जो घराबाहेर आहे तो गांवांत धरला जात नाहीं. त्याला खोटेंच घरीं दाखवूं नये, पण जो अधूनमधून येऊन राहतो त्यास विसरूंहि नये. पंचायतीस मिळणारीं अनुदानें व उपकेंद्रांतील परिचारिका हीं ह्याच आंकड्यांवर ठरतात; शाळेंतील शिक्षक मात्र पटावर ठरतात. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा सन २०२३ पासून आपण ऐकत आहोंच.

जन्म किती झाले हें मोजतां मोजतां देशानें एक मोठें काम पार पाडलें, हें आम्हीं मान्य करतों. परंतु पीक बदललें म्हणजे शेतकरी पाण्याची पाळी बदलतो. कालच्या पिकाच्या हिशेबानें आजच्या बांधींत पाणी सोडीत नाहीं. एवढें शहाणपण धोरण आंखणारांनीं आपणांकडून घ्यावें, आणि आपण आपल्या दारीं येणाऱ्या गणकास पांच मिनिटें बसवून घेऊन घरांतील प्रत्येकाचें वय व काम खरेंखुरें सांगावें, अशी आमची सर्व शेतकरी बंधु-भगिनींस विनंति आहे.